१६ वर्षांनी माळ्यावरून नायट्रो बग्गी खाली काढली. हिला जिवंत करू की इलेक्ट्रिक घेऊ?

संत्रावाला | ३ मार्च, रात्री ९:५०

रामराम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. वय ४७. घरी संत्र्याची बाग, बाकी कपाशी-तूर. २००३ ते २००९ पुण्यात एका कारखान्यात टूलरूमला होतो, तेव्हा आरसीचं, म्हणजे रिमोटवरच्या गाड्यांचं, वेड लागलं. रविवारी सकाळी एका पडीक प्लॉटवर आम्ही आठ-दहा जण जमायचो. माझी १/८ ची (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची) नायट्रो बग्गी, मिथेनॉलच्या इंधनावर पळणारी, २१ चं इंजिन, म्हणजे साडेतीन सीसी. दोन महिन्यांचा पगार तिच्यात गेला आणि घरी मी "साहेबांनी जुनी होती ती स्वस्तात दिली" असं सांगितलं होतं. बायकोला खरं काय ते या आठवड्यात कळलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

२००९ ला बाबा गेले. बाग पाहायला कोणी नव्हतं, परत आलो. गाडी खोक्यात गेली, खोका माळ्यावर. परवा तुरीच्या पोत्यांना जागा करताना पुतण्यानं तो खाली ओढला आणि विचारलं, "काका, हे काय होय?" पोट्टा १५ वर्षांचा आहे. म्हणजे त्याच्या जन्माआधीपासून ती गाडी त्याच्या डोक्यावर झोपलेली होती.

आता गाडीची तब्येत सांगतो. इंजिन जाम. फ्लायव्हील अंगठ्यानं सोडा, फडकं धरूनही हलत नाही. शेवटच्या रविवारी आफ्टर-रन तेल (गाडी ठेवताना इंजिन गंजू नये म्हणून घालतात ते) घातलं होतं का, आठवत नाही. त्या दिवशी घरून फोन आला होता. टायर दगड झाले. एअर फिल्टरचा फोम बोटात धरला तर बेसनासारखा भुगा. शॉकमधलं तेल दोन बाजूंनी वाहून गेलेलं. बॉडीची मागची बाजू उंदरांनी खाल्ली. इंधनाचा डबा अर्धा भरलेला आहे, झाकण गंजलं. रिमोट पिस्तुलाच्या आकाराचा, २७ मेगाहर्ट्झचा, आत सेल तसेच राहून फुटले, सगळीकडे पांढरं-हिरवं पीठ. क्रिस्टल, म्हणजे रिमोटचा चॅनल ठरवणारा तुकडा, पिवळा.

त्या पिवळ्या क्रिस्टलवरून एक आठवलं. आमच्यात सहा रंग असायचे: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ज्याचा जो रंग तशी चिंधी अँटेनाला बांधायची आणि रिमोट चालू करायच्या आधी ओरडायचं, "पिवळा चालू करतोय!" एकदा एक नवा मुलगा न ओरडता चालू करून बसला. माझी गाडी फुल थ्रॉटलमध्ये सरळ कंपाउंडच्या भिंतीवर. पुढचा हात, शॉक टॉवर, सर्व्हो (स्टिअरिंग-थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर), सगळं एका दणक्यात. तो मुलगा रडायच्या बेतात होता, म्हणून शिव्या पोटातच राहिल्या.

तर विचारायचं ते हे. इंजिन सुटेल का? सुटलं तरी त्याच्यामागे लागण्यात अर्थ आहे का? मी गेलो तेव्हा इलेक्ट्रिकवाल्यांना आम्ही खेळणीवाले म्हणायचो, आता सगळे तिकडेच गेलेले दिसतात. लायपो बॅटरी, ब्रशलेस मोटर हे शब्द मला माहीत आहेत, पण हात लावलेला नाही.

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. गल्लीत एकट्यानं गाडी फिरवायची मला हौस नाही. आमच्यात नियम होता: आपली हीट, म्हणजे आपल्या गटाची छोटी रेस, संपली की रिमोट टेबलावर ठेवायचा आणि पुढच्या हीटला मार्शल म्हणून वळणावर जाऊन उभं राहायचं. पाच मिनिटांपूर्वी ज्यानं मला आतून घुसून आडवं केलं, त्याचीच पालथी गाडी धावत जाऊन सरळ करायची. तोंड वाकडं करून का होईना, करायची. मला परत यायचं आहे ते त्याच्यासाठी. नागपूर इथून शंभरावर किलोमीटर, दर रविवारी जाणं जमणार नाही. गावात रेस कशी उभी करायची? कोणी केली आहे का?

दहाचा पाना | ३ मार्च, रात्री ११:२०

दादा, आधी इंजिन. घाबरू नका आणि जोरही करू नका. तुमच्या इंजिनाचा स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, वर निमुळता असतो, त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला थंडपणी तसाही आवळूनच बसतो. त्यात तुमचं जुनं इंधन. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, एरंडेल असेल तर ते वाळून डिंक होतं. पक्कड लावून फ्लायव्हील फिरवाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल, मग खरंच संपलं.

ग्लो प्लग (हेडवरचा, इंधन पेटवणारा) काढा. त्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरनं हेड आणि क्रँककेस चांगलं तापवा, हात लावता येणार नाही इतकं, आणि गरम असतानाच फ्लायव्हील पुढे-मागे थोडं थोडं हलवा. नाही हललं तर परत तेल, परत उष्णता. माझं एक चौथ्या दिवशी सुटलं. सुटल्यावर मागचं झाकण काढून बेअरिंग पाहा. फिरवताना वाळू दळल्यासारखा आवाज आला की बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलता येतं. पिस्टन-स्लीव्हची पकड मात्र गेली असेल, म्हणजे प्लग लावून फिरवताना वर काही अडकल्यासारखं जाणवतच नसेल, तर खर्च करू नका.

इंधनाचा तो डबा आजच घराबाहेर काढा. १६ वर्षांचं इंधन वापरायचं नाही. आणि हे नीट वाचा: घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीत मिथेनॉलचं काहीच नको. त्याची ज्योत दिवसा उजेडी जवळजवळ दिसतच नाही. हात भाजल्यावर कळतं की पेटलंय. पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो.

रेडिओ: जुना विसरा. २.४ गीगाहर्ट्झचा साधा सेट घ्या, रिसीव्हर रिमोटशी बांधून घेतला की झालं. ना क्रिस्टल, ना चिंध्या, ना ओरडणं. त्यात फेलसेफ असतो, सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद किंवा ब्रेक. तो नायट्रोत सेट केल्याशिवाय इंजिन चालूच करू नका. जुने सर्व्हो चालतील, पण त्यांना ६ व्होल्टच द्या. हौसेनं दोन सेलचा लायपो सरळ लावला तर भरलेला ८.४ व्होल्टचा असतो, सर्व्होमधून धूर निघेल.

खारपाण | ४ मार्च, सकाळी ६:४०

भाऊ, मी अकोला जिल्ह्यातला, खारपाणपट्ट्यातला. माझं ऐका, नायट्रो शोकेसमध्ये ठेवा न इलेक्ट्रिक घ्या.

कारण सांगतो. नायट्रोचं इंधन आपल्या इकडं दुकानात मिळत नाही आन् कुरियरवाला ज्वलनशील माल घेत नाही. एका डब्यासाठी नागपूर-मुंबईच्या ओळखी काढत बसा. दोन महिने गाडी उभी, मग परत इंजिन जाम. माह्या मित्राचं असंच होऊन रायलं. दुसरं म्हणजे आवाज. तुमच्या शेजारच्याची बैलजोडी बुजली की पंचायत बसन ते वेगळंच.

इलेक्ट्रिकमध्ये १/१० ची बग्गी घ्या, फोर व्हील ड्राइव्ह, दोन सेलचा लायपो. आपल्या वेळचा निकेल-कॅडमियम सात-आठ मिनिटांत रडायला लागे. आता ५००० एमएएचचा पॅक आरामात वीस मिनिटं पळवते.

पण लायपो म्हणजे सून नाई, जावई हाय. मान ठेवावा लागते. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाई आन् ३ च्या खाली नाई. जुना निकेलचा चार्जर असंन तर तो लायपोला चुकूनई लावू नका, आग लागते. बॅलन्स वायरवाला चार्जर घ्या. पळवणार नसान तर ३.८ वर आणून ठेवा, भरून ठेवू नका. जुना स्पीड कंट्रोलर असंन तर त्याले लायपोचा कटऑफ नसते, म्हणजे बॅटरी उतरली तरी तो मोटर बंद करत नाई, तिथं शिट्टीवालं व्होल्टमीटर लावा. आणि आपला उन्हाळा. मी मे महिन्यात एक पॅक गाडीच्या डिक्कीत विसरलो, बाहेर ४५. संध्याकाळी काढला तर पापडासारखा फुगलेला. टिनाच्या खोलीत ठेवू नका, कापसाच्या गंजीजवळ चार्जिंगले लावू नका, लावून जेवाले जाऊ नका. मी मातीच्या कुंडीत ठेवून अंगणात चार्ज करतो, लोक हासतात, हासू दे.

लाईन नसंन तर बॅटरीवाला फवारणी पंप हाय न घरी? त्याची बॅटरी १२ व्होल्टची, ८ नाई तर १२ अँपिअर-अवरची असते. बहुतेक चार्जर १२ व्होल्ट डीसीवर चालते. ८ वाल्यात एक पॅक नीट भरते, दुसरा कसाबसा. तिसऱ्याच्या नादी लागाल तर दुसऱ्या दिवशी पंपाले बॅटरी नाई आन् घरच्यांच्या शिव्या.

काळ्या मातीत मात्र पळवू नका. पावसाळ्यात चाकाले लाडू वळते, उन्हाळ्यात भेगा, आन् वाळल्यावर ते पीठ बेअरिंगमध्ये घुसते. मुरूम पाहा.

बांधावरून | ४ मार्च, दुपारी १:१५

कापसाचा भाव काय, आणि ४७ व्या वर्षी गाड्या गाड्या. चालू द्या.

संत्रावाला | ४ मार्च, दुपारी ३:०५

दादा, भाव पडला म्हणूनच. तेवढ्या वेळात झाडाखाली बसून हिशेब करत राहिलो तर डोकं फुटेल.

पाना दादा, डबा बाहेर काढला. खारपाण भाऊ, जावयाची उपमा घरात वाचून दाखवली, मोठ्यानं. सासरेबुवा आलेले आहेत हे विसरलो होतो.

चष्मेवाले मास्तर | ४ मार्च, रात्री १०:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अमरावती जिल्हा. १२ वर्षांच्या खंडानंतर मी तीन वर्षांपूर्वी परतलो, म्हणून यंत्राबद्दल नाही, माणसाबद्दल सांगतो.

पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल रिमोट बिघडला आहे. गाडी तुमच्यापासून दूर जात असते तेव्हा सगळं ठीक. ती तुमच्याकडे वळली की डावं-उजवं उलटं होतं, आणि १२ वर्षांपूर्वी जे बोटांना आपोआप कळायचं ते आता डोक्याला विचारावं लागतं. डोकं उत्तर देईपर्यंत गाडी बांधावर. माझा अहंकार तिथेच गेला. दोन विटा दहा मीटर अंतरावर ठेवा आणि इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, आधी अगदी चालीच्या वेगानं. आठात दोन्ही बाजूची वळणं येतात आणि गाडी प्रत्येक फेरीत तुमच्याकडे तोंड करते. मी पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही.

दुसरं, चष्मा. चाळिशीचा जवळचा चष्मा काढा आणि लांबचा लावा. हे कोणी सांगत नाही. मी महिनाभर वाचायच्या चष्म्यातून रेस करत होतो.

रेससाठी माणसं तुमच्या घरातच आहेत. पुतण्या १५ चा आहे ना? त्याचे मित्र असतील. एक चूक मी केली ती करू नका: मुलांना आधी गाडी चालवायला दिली, मार्शलचं काम नंतर सांगितलं. कोणी तयार होईना. आधी मार्शल करा, मग रिमोट द्या. आणि गाड्या सारख्या ठेवा. एकाची ब्रशलेस आणि दुसऱ्याची साधी ५४० मोटर असेल तर ती रेस नाही, मिरवणूक आहे. परदेशात 'स्टॉक' वर्गात सगळ्यांना १७.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर बांधून देतात ती याच कारणानं.

उभं राहायला उंच जागा हवी, जमिनीवरून लांबची वळणं दिसत नाहीत.

संत्रावाला | ६ एप्रिल, रात्री ८:३०

महिन्यानं आलो, बागेत पाण्याची ओढाताण चालू होती.

इंजिन पाचव्या दिवशी सुटलं. सुटताना जो 'टक्' आवाज आला तो ऐकून मी एकटाच गोठ्यात ओरडलो, म्हैस उठून उभी राहिली. पण मागचं बेअरिंग गंजून खडखडतंय आणि पिस्टनची पकडही ढिली वाटते. तर नायट्रो फळीवर. पुसून, तेल घालून, उंदरांनी खाल्लेल्या बॉडीसकट. विकणार नाही.

१/१० च्या दोन बग्ग्या घेतल्या, दोन्ही जुन्या, दोन्ही एकाच बनावटीच्या, साध्या ब्रश मोटरच्या. मास्तरांचं मिरवणुकीचं वाक्य डोक्यात होतं. या वेळी किंमत बायकोला आधी सांगितली. ती म्हणाली, "आता साहेब नाही देत का जुन्यातली?"

जागा मिळाली. आमच्या शिवारात रस्त्याच्या कामाला मुरूम काढलेली एक उथळ खदान आहे, तळ सपाट. ट्रॅकच्या कडांना तुषारचे अडीच इंची पाईप टाकले, सहा मीटरचा एक असे २२. शिवाय त्याच संचाचे दोन तुषार आदल्या संध्याकाळी अर्धा तास चालवतो, मुरूम बसतो, सकाळी धूळ उडत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या आधी टाकून पाहिल्या होत्या. हलक्या पडतात, गाडी त्यांना गुंडाळून घेऊन पळते, ॲक्सलला नळीचा फास बसतो. एक फेरी साधारण ६० मीटरची, तीन मीटर रुंद. उभं राहायला ट्रॅक्टरची ट्रॉली. सकाळी सहा ते आठ, त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही.

वेळ लावायला माझे चुलते आले. ते शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, घड्याळ लावायचे. २०१४ ला कोर्टाच्या निकालानं पट बंद झाला तेव्हा त्यांनी ते घड्याळ खुंटीला अडकवलं, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा काढलं. मला वाटलं ते हसतील. ते ट्रॉलीवर खुर्ची टाकून बसले आणि पहिल्याच फेरीला म्हणाले, "अरे, तुझी जोडी डावीकडे ओढते." रिमोटवरचा ट्रिम (स्टिअरिंग सरळ करायचं बटण) खरंच एका बाजूला होता. मला दिसला नव्हता.

आणि रेस. पाच मिनिटांची हीट. पुतण्या २१ फेऱ्या, मी १७. पैकी चार वेळा पालथा. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच, गाडी माझ्याकडे आली की बोटं गप्प. त्याची सर्वात चांगली फेरी १३.४ सेकंद, माझी १५.१. माझ्या १५.१ ला चुलत्यांनी "शाब्बास" म्हटलं, तसं ते नवख्या वासरांना म्हणतात.

त्यानंतरचं ऐका. त्याच्या दोन मित्रांची हीट होती. मी रिमोट ठेवला आणि वळणावर जाऊन उभा राहिलो. पुतण्या ट्रॉलीवरून उतरेना. म्हणे, "मी जिंकलो न, मी काऊन उचलू?" मी काही बोललो नाही. चुलत्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, "मग वेळ नाही लागणार." पोट्टा उतरला. अनवाणीच, मुरमावर उड्या मारत त्याच्या मित्राची गाडी तीनदा सरळ केली.

आता एक अडचण. वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक हवेत भिरभिरतं आणि गाडी पुढे ओढतच नाही. डिफ (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) उघडला नाही अजून. काय करू?

खारपाण | ६ एप्रिल, रात्री ९:१०

पुढच्या डिफमधलं तेल पातळ झालं असंन नाई तर वाहून गेलं असंन. जुन्या गाडीत सील सुकते. उघडा, सील बदला, आन् आता हाय त्याच्यापेक्षा घट्ट सिलिकॉन तेल घाला. एकदम लय घट्ट नको, नाई तर वळणारच नाई. वरपर्यंत भरू नका, आडव्या पिनांपर्यंत. शॉकचं तेलई उन्हाळ्यात एक नंबर जाड ठेवा, उन्हानं पातळ पडते.

मी १९ तारखेले वर्धेले येऊन रायलो, पाहुण्याकडे. एक बग्गी सोबत आणतो. माही ब्रशलेस हाय, पण साधी मोटर घालून आणीन.

संत्रावाला | ६ एप्रिल, रात्री ९:२५

या. सकाळी सहाला मुरमावर पोचा, चहा ट्रॉलीवरच. पहिली हीट तुमची, मी मार्शल.